‘रस्त्यावर दिसतच नाहीत’ म्हणून रॅम्प नकोत?

नाशिकमधील रस्ते आणि पदपथांचा विषय निघाला की एक म्हणणे हमखास पुढे येते आणि मोबाइलवरूनही ते भरपूर फिरते : व्हीलचेअरवरची माणसे शहरात दिसतातच किती, त्या मोजक्यांसाठी रिक्षा आहेत, सोबतीला घरचे कोणीतरी असतेच, आणि जुन्या नाशिकच्या गल्ल्यांत तर काही करणे शक्यच नाही, तेव्हा रॅम्पवरचा खर्च वाया जातो.

‘दिसत नाहीत’ हे निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. २०११च्या जनगणनेत देशभरात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली आणि त्यांतील सुमारे ५४ लाखांचे अपंगत्व हालचालीशी संबंधित होते; पाय प्लास्टरमध्ये असलेले किंवा गुडघ्यांमुळे काठी घेतलेले ज्येष्ठ त्याखेरीज आहेत. ही माणसे घरात राहतात, कारण अडथळा फाटकाबाहेरच सुरू होतो. पदपथाचा काठ १५ सेंटीमीटर उंच असेल, तर १:१२ या प्रमाणित उताराने वर जाण्यासाठी १.८ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हातभर सिमेंटचा तिरपा थर टाकून काम संपवले जाते, आणि त्यावरून चढताना खुर्ची मागे उलटू शकते. पुढे विजेचा खांब, दुकानाचा फलक, उभ्या दुचाकी असतात. दुचाकी वर येऊ नयेत म्हणून रोवलेले अडथळेही कधीकधी इतके जवळजवळ असतात की खुर्चीच अडते. किलोमीटरभर मार्ग सपाट करून मध्ये एक काठ तसाच ठेवला, तरी त्या व्यक्तीसाठी तो सगळा मार्ग बंदच असतो. अशी तुटक कामे वापरात येत नाहीत, आणि मग तोच ‘कोणी वापरत नाही’ याचा पुरावा म्हणून दाखवला जातो.

रिक्षा हे उत्तर पुरेसे नाही. रिक्षात बसण्यासाठी खुर्चीतून उठून सरकावे लागते, खुर्ची घडीची नसेल तर ती मागेच राहते, आणि रोज सातपूरला कामावर जाणाऱ्याला दोन्ही वेळचे भाडे परवडेलच असे नाही. शहर बससेवेची बस कमी उंचीच्या मजल्याची असली, तरी ती थांब्याला लागून उभी राहिली पाहिजे आणि थांब्यापर्यंत पोहोचता आले पाहिजे.

‘सोबत कोणीतरी असते’ हा मुद्दा मला सर्वांत खटकतो. महाविद्यालय, बँक, नोकरी, मित्राकडे जाणे, हे सारे दुसऱ्याच्या सवडीवर टांगून ठेवावे, असा त्याचा अर्थ होतो. कोणत्याही प्रौढ माणसाला आपण एरवी असे सांगणार नाही.

जुन्या नाशिकमधील सराफ बाजार किंवा भद्रकालीतील गल्ल्या अरुंद आहेत, हे मान्य. पण गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या नव्या भागांत अरुंद गल्ल्यांची ती अडचण सहसा नाही.

खर्चाविषयी एवढेच, की काठ उतरता ठेवायचा तो रस्ता बांधतानाच. नंतर फोडून करणे महाग पडते. शिवाय हा ऐच्छिक खर्च नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या कलम ४४नुसार सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना विनाअडथळा वापर करता येण्याचे, नियम न पाळणाऱ्या इमारतीला बांधकाम पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही, आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याबाबत बंधनकारक निकष ठरवण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. २०२७च्या सिंहस्थासाठी होणाऱ्या घाट, रस्ते आणि वाहनतळांच्या प्रत्येक कामाचे देयक मंजूर करण्यापूर्वी, व्हीलचेअर वापरणाऱ्या नाशिककरांकडून त्या मार्गाची सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासणी करून घेतली जावी.