मराठी पाटी आहे, पण तिच्यावर लिहिलंय काय?

‘दगडी शिल्प.’ बस्स, एवढंच. कोकणात किनाऱ्याजवळच्या एका गावातल्या संग्रहालयात, कमरेएवढ्या वीरगळाखाली डिंकाने चिकटवलेल्या कागदावर हे दोन शब्द. अरे, दगड आहे हे मला दिसतंय. शिल्प आहे हेही दिसतंय. तो मिळाला कुठे, कुणाच्या बांधावर पडला होता, कुणी आणून दिला, त्यावर कोरलंय काय, हे कोण सांगणार?

आणि त्या दगडावर सगळी गोष्ट कोरलेली आहे. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेऊन लढणारा गडी. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव राहो. लढाईत किंवा गावाची गुरं राखताना मेलेल्या माणसाची ही आठवण. आमच्या बेळगाव-खानापूर भागात देवळांच्या आवारात असे वीरगळ बघत आम्ही वाढलो, म्हणून मला तो वाचता आला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या कुटुंबाने ‘कुठला तरी देव दिसतोय’ म्हणत नमस्कार केला आणि ते पुढे गेले. त्यांचं काहीही चुकलं नाही. सांगायचं काम ज्यांनी अंगावर घेतलं त्यांनी ते केलं नाही, माझा राग तिथे आहे.

आतल्या खोलीत तर कळसच. आम्ही घाट उतरून गेलो होतो ते त्या खोलीसाठी, कातळशिल्पांसाठी, म्हणजे उघड्या कातळावर खोदलेल्या चित्रांसाठी. भिंतीवर फोटो ओळीने लावलेले, खाली ‘कातळशिल्प १’, ‘कातळशिल्प २’. गावाचं नाव नाही, सड्याचं, म्हणजे त्या उघड्या कातळी पठाराचं, नाव नाही. फोटो काढताना शेजारी एखादी मोजपट्टी ठेवावी, तीही नाही. भाची विचारते, “मामा, हा हत्ती केवढा हाय? हाताएवढा की खोलीएवढा?” काय सांगणार? कशेळीचा हत्ती जवळजवळ १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे आणि त्याच्या रेषेच्या आत आणखी कितीतरी छोटी चित्रं कोरलेली आहेत, हे मला वाचून माहीत होतं. ते मी तिला सांगितलं. समोरच्या फोटोतला हत्ती तोच की दुसऱ्या कुठल्या सड्यावरचा, हे मात्र सांगता येईना. दहा वर्षांची पोर इतका नेमका प्रश्न विचारते, आणि भिंतीवर त्याचं उत्तर द्यायची सोय नाही!

विषय काही साधासुधा नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या जांभ्याच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी ही चित्रं खोदली. हत्ती, वाघ, मासे, पाकट, कासव, माणसं, आणि अजून कुणाला धड न उलगडलेल्या चौकोनी नक्ष्या. त्यात गेंडा आहे! आज कोकणात गेंडा औषधालाही सापडत नाही. मग तो कोरणाऱ्याने पाहिला कुठे, तेव्हा इथलं रान कसं होतं, पाऊस कसा होता, हा केवढा मोठा प्रश्न आहे. २०२२ मध्ये यातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सात रत्नागिरी जिल्ह्यातली: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. एक सिंधुदुर्गातलं कुडोपी, एक गोव्यातलं कुशावती नदीकाठचं फणसामळ. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या माणसांनी उन्हातान्हात सडे तुडवून, गावकऱ्यांना विचारत विचारत ही शिल्पं नोंदवली. एवढी मेहनत झाल्यावर भिंतीवर काय यावं? ‘कातळशिल्प ३.’

वेळेचंही तेच. दार उघडणार दहाला, मधे जेवणाची सुट्टी, पाचला कुलूप. मग माणूस सड्यावर जाणार कधी? भर दुपारी. आणि भर दुपारी कातळशिल्प दिसतच नाही हो! डोक्यावरच्या उन्हात खोदलेल्या रेषेला सावली पडत नाही, सगळा जांभा सपाट काळा-तांबडा दिसतो. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की तीच रेषा उठून येते. ‘सड्यावर सकाळी किंवा संध्याकाळी जा’ एवढं एक वाक्य दारावर लिहायला काय पैसे पडतात?

ते लिहिलं नाही की काय होतं, तेही बघून आलो. सड्यावर पोरांचं टोळकं होतं. चित्र दिसेना म्हणून त्यांनी रेषांमध्ये खडू घासला होता. एकजण बाटलीतलं पाणी ओतून पायातल्या बुटाने माती खरवडत होता. कशासाठी, तर रील नीट यावी म्हणून. मी ओरडलो. त्यांनी वर मलाच विचारलं, “काका, इथं तसं कुठं लिहिलंय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं. जांभा काही काळा पाषाण नव्हे. भोकाभोकांचा, ठिसूळ. खडू त्या भोकांत जाऊन बसतो, तो घासून काढायला गेलं की कडा झिजतात. इतके पावसाळे टिकलेली रेषा पाच मिनिटांच्या हौसेत बोथट होते.

आणि आम्हा सीमाभागातल्या माणसाला हे जास्त लागतं. का, ते सांगतो. पाटी म्हणजे काय हे आम्हाला विचारा. जुलै २०१४ मध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूरची ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेली पाटी कर्नाटकातल्या प्रशासनाने पाडली, तेव्हा त्या गावाने लाठ्या खाल्ल्या. आमच्याकडे दुकानदाराने पाटीवर कन्नडला साठ टक्के जागा द्यायची, असा कायदा आहे. मराठीतून कागद मिळावा म्हणून आमच्या बापजाद्यांनी मोर्चे काढले, अजून निघतात. आणि इकडे घाटाखाली मराठी पाटी लावायला कुणाची आडकाठी नाही, कोर्ट नाही, पोलीस नाही. अख्खी भिंत तुमची! त्या भिंतीवर तुम्ही लिहिता ‘पुरातन वस्तू’? खाली पायली, शेर, मापटं, घंगाळ, जातं, होडीचा नांगर, एकाच टेबलावर ढीग लावून? नांगर कुठल्या बंदरातल्या होडीचा, पायली कुणाच्या घरातली, ज्याने दिली त्याच्या आजीने तीत काय मोजलं, काही नाही!

आता यात सगळ्यात संताप आणणारी गोष्ट ऐका. दार उघडायला जे वयस्कर गृहस्थ होते, त्यांना मी आत विचारलं तेव्हा ते म्हणाले, “माका काय म्हायत नाय.” बाहेर आल्यावर आवारातल्या आंब्याखाली बसलो, पाणी प्यायलो, आणि ते बोलायला लागले. लहानपणी ते त्याच सड्यावर गुरं चारायचे. कोरलेल्या रेषांत पावसाचं पाणी साचायचं, त्यात पोरं पानं सोडायची. म्हातारी माणसं म्हणायची, हे पांडवांनी एका रात्रीत केलं. गवत कापलं की कुठलं चित्र दिसतं आणि कुठलं झाकलेलं राहतं, हे त्यांना पाठ आहे. भाची तोंड उघडं टाकून ऐकत होती. मी विचारलं, हे तुम्हाला कुणी लिहून मागितलं नाही? नाही म्हणाले. पगार किल्ली फिरवायचा, म्हणून किल्ली फिरवायची. ज्याला माहीत आहे त्याला विचारायचं नाही, आणि लेबल मात्र तालुक्याच्या गावाहून छापून आणायचं, ही कुठली रीत?

आमच्याकडे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. जुन्या देवळाबाहेर नासधूस केल्यास दंड किती, तुरुंग किती, हे ठळक लिहिलेलं असतं, आणि देऊळ कुणी बांधलं ते गावातल्या गुरवाला विचारावं लागतं. तिथेही माझं डोकं असंच फिरतं.

निधी नाही, हे कारण मला कुणी सांगू नये. उद्घाटनाच्या कोनशिलेवर पाहुण्यांची नावं गुळगुळीत काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत आहेत, पदांसकट, एकही वेलांटी न चुकता. म्हणजे नीट लिहिता येतं. एका कागदावर पाच ओळी हव्यात: काय आहे, कुठे मिळालं, केवढं आहे, कुणी दिलं, आणि गावातली माणसं त्याबद्दल काय सांगतात. शाळेच्या नववीतल्या पोरांना त्या गृहस्थांसमोर वही घेऊन बसवलं तर मे महिन्याच्या सुट्टीत काम होईल. अभिप्रायाच्या वहीत मी हेच लिहिलं, खाली माझा नंबर टाकला, आणि मजकूर मी फुकट लिहून देतो असंही लिहिलं. पण आधी तो खडू थांबवा. उद्याच्या उद्या सड्यावर दोरी बांधा आणि पाटी लावा: बूट काढा, खडू लावू नका, पाणी ओतू नका. मराठीत लावा, मोठ्या अक्षरांत लावा, तुम्हाला कुणीही अडवणार नाही.