‘बेल्ट बदललाय’ म्हणजे नक्की काय बदललंय?

जुनी अल्फा १५६ ट्विन स्पार्क (अल्फा रोमिओची इटालियन पेट्रोल गाडी) विकणारा प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो, ‘टायमिंग बेल्ट नवा आहे.’ इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात चालवतो तो हा बेल्ट. बिल मागा, मिळत नाही. मिळालंच तर त्यावर फक्त बेल्ट! टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) जुना, वॉटर पंप जुना, व्हेरिएटर (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागेपुढे करणारा भाग) तर कुणी पाहिलेलाही नाही. थंड इंजिन सुरू करताच डिझेलसारखी खडखड आली की समजा, व्हेरिएटर गेलाय. दोन लिटरच्या इंजिनात बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्यांचा) दुसरा बेल्टही असतो. तो तुटून मुख्य बेल्टमध्ये अडकला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं.

कंपनीने बेल्ट बदलायला आधी १,२०,००० किमीचं अंतर सांगितलं होतं, नंतर ते ६०,००० वर आणलं. तरी लोक जुनाच आकडा धरून बसतात!

आणि टायमिंग खडूच्या खुणा करून लावणारे मेकॅनिक! अहो, कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांना) लॉक लागतात, पिस्टन नेमका वर आलाय हे प्लगच्या भोकातून डायल गेजने मोजावं लागतं. बेल्टचा एक दात चुकला की गाडी ओढत नाही, मग खापर ‘इटालियन गाड्या अशाच’ म्हणून गाडीवर. गाडीचा काय दोष? दोन्ही बेल्ट, टेन्शनर, पंप, व्हेरिएटर एकदमच बदला. बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून तेवढा खर्च किमतीतून वजा करा.