'बरा झालेला रुग्ण म्हणजे गमावलेलं गिऱ्हाईक': या मेसेजमध्ये तथ्य किती?

एक लांबलचक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात: गेल्या पन्नास वर्षांत आधुनिक वैद्यकाने एकही आजार मुळापासून बरा केला नाही, कायमचा इलाज सापडला तरी कंपन्या तो दाबून ठेवतात, स्वस्त औषधांना वर येऊ देत नाहीत, एकदा गोळी लागली की ती आयुष्यभर सुटत नाही, आणि रोज छापून येणाऱ्या 'क्रांतिकारी' संशोधनातून हाती काहीच लागत नाही. तळाशी अर्थातच 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा'. तो पोहोचलाच आहे, तर एकेक मुद्दा तपासू.

'एकही आजार बरा झाला नाही'

हे धडधडीत खोटं आहे. जठराच्या अल्सरचं खापर एके काळी ताणतणावावर आणि ॲसिडवर फोडलं जायचं. रुग्ण वर्षानुवर्षं गोळ्या घ्यायचे, नाहीतर ऑपरेशनला सामोरे जायचे. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी बहुतेक अल्सरच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असल्याचं दाखवून दिलं. कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतः पिऊन जठराला सूज आणून घेतली. (याचं अनुकरण कुणी करू नये.) २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आज साधारण दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिक्सनी हा जिवाणू आणि त्याच्यामुळे होणारा अल्सर दोन्ही जातात.

लहान मुलांमधला तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग घ्या. १९६०च्या सुमारास त्यातून दहातलं एखादं मूल वाचायचं. चांगले उपचार मिळतात तिथे आज दहापैकी नऊ वाचतात.

'इलाज सापडला तरी दाबून ठेवतात'

मेसेजचा सगळा जीव या वाक्यात आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

हिपॅटायटिस सी हा यकृत हळूहळू निकामी करणारा विषाणू. २०१३ पूर्वी त्यावर इंटरफेरॉनची इंजेक्शनं दिली जायची, कित्येकदा ४८ आठवडे. ताप, अंगदुखी, नैराश्य सोसूनही निम्म्याच्या आसपासच रुग्ण बरे व्हायचे. डिसेंबर २०१३ मध्ये गिलियड कंपनीच्या सोफोसबुविरला अमेरिकेत मंजुरी मिळाली. अशा औषधांच्या जोड्यांनी आठ ते बारा आठवड्यांत ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या शरीरातून विषाणू कायमचा जातो.

म्हणजे मेसेजच्या तर्कानुसार जे दाबायला हवं होतं, तेच कंपनीने बाजारात आणलं. का? कारण त्यात पैसा होता. अमेरिकेत बारा आठवड्यांची किंमत ठेवली ८४,००० डॉलर, म्हणजे दिवसाची एक गोळी हजार डॉलरला. शिवाय एकाने दाबलं तर दुसरा विकणार: वर्षभरात स्पर्धक कंपनीचं औषध आलंही. पुढे रुग्ण बरे होत गेले, बरे झालेल्यांकडून होणारी लागण थांबली, किमतीही उतरल्या, आणि गिलियडची या औषधांची विक्री २०१५ नंतर घसरत गेली. २०१८ मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेच्या एका अहवालात 'रुग्ण बरे करणं हा टिकाऊ धंदा आहे का?' असा प्रश्न खरोखरच विचारला गेला होता. मेसेज लिहिणाऱ्याला हा पुरावा सापडला असता तर तो नाचला असता. प्रश्न निर्लज्ज आहे, यात वाद नाही. पण तो विचारावा लागला, कारण इलाज आधीच बाजारात होता.

याच गोष्टीचा दुसरा भाग इजिप्तमध्ये घडला. तिथे काही दशकांपूर्वी एका परजीवी रोगाविरुद्धच्या सरकारी मोहिमेत सुया पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या आणि हिपॅटायटिस सी देशभर पसरला. वैद्यकाने केलेली ही हानी झाकण्याचं कारण नाही. मग स्थानिक जेनेरिक औषधांमुळे अख्ख्या कोर्सचा खर्च शंभर डॉलरच्या आत आला. २०१८-१९ मध्ये काही महिन्यांत जवळपास पाच कोटी प्रौढांची तपासणी झाली आणि बाधितांना मोफत उपचार मिळाले.

तेव्हा खरी तक्रार किमतीची आहे. सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर जनुक-संपादनाने उपचार करणाऱ्या कॅसजेव्हीला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. अमेरिकेत एका रुग्णामागे किंमत २२ लाख डॉलर. हा उपचार कुणी लपवलेला नाही, तो बहुतेकांच्या आवाक्यात नाही. 'लपवलेल्या' औषधाच्या मागे लागलेला वाचक हा प्रश्न कंपनीला विचारतच नाही, आणि कंपनीच्या ते पथ्यावरच पडतं.

'स्वस्त औषधांना वर येऊ देत नाहीत'

इथे अर्धं सत्य आहे. पेटंट संपलेल्या औषधाच्या चाचणीवर कंपनी सहसा पैसे घालत नाही. म्हणून अशा चाचण्या सरकारी आणि धर्मादाय पैशांवर होतात, आणि त्यांचे निकाल दडपले जात नाहीत. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीने जून २०२० मध्ये दाखवलं, की डेक्सामेथासोन या जुन्या, अगदी स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. त्यानंतर काही दिवसांतच जगभर ते वापरलं जाऊ लागलं.

मला त्याहून आवडतं ते २०२३ चं 'ई-मोटिव्ह' संशोधन. बाळंतपणानंतर रक्त किती गेलं हे बहुतेक ठिकाणी नजरेच्या अंदाजाने ठरायचं, आणि नजर बहुतेकदा कमीच मोजते. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियात खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी बाळंतिणीखाली लावली आणि रक्तस्राव दिसताच मसाज, औषधं, सलाइन असे सगळे उपाय एकामागून एक न करता एकदमच सुरू केले. दोन लाखांहून अधिक बाळंतपणांच्या या अभ्यासात गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम ६० टक्क्यांनी घटले. पिशवीने कुणी अब्जाधीश होणार नाही.

'एकदा गोळी लागली की आयुष्यभर'

काही आजारांत हो. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन थांबवलं तर माणूस दगावतो. पण टाइप २ मधुमेहात गोळ्या सोडवण्याचा प्रयत्न डॉक्टरांनीच केला. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत काही महिने अतिशय कमी कॅलरींचा आहार दिल्यावर वर्षअखेर ४६ टक्के रुग्णांची साखर औषधांविना आटोक्यात होती. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं, तेही संशोधकांनी छापलं.

'रोज नवं संशोधन, हाती काहीच नाही'

हा मुद्दा मी निम्मा मान्य करतो, फक्त दोष मथळे लिहिणाऱ्यांचा. अल्झायमरवरच्या लेकानेमॅबला २०२३ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, तेव्हा 'ऱ्हास २७ टक्क्यांनी मंदावला' असं सगळीकडे झळकलं. आकडा खरा आहे. स्मृती आणि रोजचे व्यवहार तपासणाऱ्या १८ गुणांच्या मोजपट्टीवर तो दीड वर्षाअखेर औषध न घेणाऱ्यांच्या तुलनेत ०.४५ गुणांचा फरक होता, आणि काही रुग्णांच्या मेंदूत सूज किंवा रक्तस्राव आढळला. गेलेली स्मृती या औषधाने परत येत नाही. चाचणीच्या अहवालात हे सगळं पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं.