बिल डब्याचं आहे, दादा

गेला आठवडाभर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका डब्यावरून वाद पेटलाय. दादानं बुधवार पेठेतून, तपकीर गल्लीतल्या दुकानातून, साडेतीन हजारांना अँड्रॉइड टीव्ही बॉक्स आणला आणि कोथरूडच्या घरी आईच्या टीव्हीला जोडला. सगळे चॅनेल, सगळे ओटीटी, मॅच, नवे सिनेमे, आणि महिन्याचा खर्च शून्य. मी इकडे जर्मनीतून लिहिलं, हे बेकायदा आहे, काढून टाक. दादाचं उत्तर आलं, "बिलासकट घेतलाय. दुकानात उघड मिळतो, मग गुन्हा कसला? तू तिथं बसून आम्हाला कायदा शिकवू नकोस." त्याखाली काकांचा अंगठा, भाच्याचा अंगठा, वहिनीचाही.

ते अंगठे मला लागले. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

दादा, बिल डब्याचं आहे. डबा कायदेशीरच आहे. टीव्हीला जोडायचा तो एक छोटा कॉम्प्युटर, घरात ठेवायला कुणाची ना नाही. प्रश्न दुकानदारानं आत भरून दिलेल्या ॲपचा आहे. चॅनेलचं आणि सिनेमावाल्यांचं प्रक्षेपण परवानगीशिवाय उचलून ते ॲप तुझ्या दिवाणखान्यात आणतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 63 असं जाणूनबुजून करणाऱ्याला आणि त्याला साथ देणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड सांगतं. घरात नुसतं पाहत बसलेल्या माणसाच्या दारात पोलीस येत नाहीत, हे खरं. कायद्याचा सगळा रोख विकणाऱ्यावर आणि पसरवणाऱ्यावर आहे. पण पोलीस येत नाहीत म्हणून माल आपला होतो का?

इथं श्टुटगार्टमध्ये हा प्रश्न कुणाला पडत नाही. 26 एप्रिल 2017 ला युरोपियन न्यायालयानं नेदरलँड्सच्या एका खटल्यात निकाल दिला, की चोरट्या लिंक भरलेले असे बॉक्स विकणं हे उल्लंघन आहेच; शिवाय माल चोरीचा आहे हे ठाऊक असून तो पाहणाऱ्यालाही कायद्यातली सवलत नाही. आणि पैशाचं म्हणाल, तर रुंडफुंकबाइट्रागचे, म्हणजे इथल्या सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या सक्तीच्या वर्गणीचे, महिना 18 युरो 36 सेंट मी टीव्ही नव्हता तेव्हाही भरलेत. घर आहे म्हणजे भरायचे. तिकडे 2019 मध्ये ट्राय या नियामक संस्थेनं शंभर चॅनेलना 130 रुपये अधिक जीएसटी ठरवले, तेव्हा आमच्या सोसायटीत लूट-लूट म्हणून केवढा आरडाओरडा झाला होता! तोच माणूस रविवारी हॉटेलबाहेर तासभर नंबर लावून दोन हजारांचं जेवतो. पुणेकराला खाण्याचे पैसे द्यायला काही वाटत नाही, बघण्याचे द्यायला वाटतं. नाटकाला तिकीट काढून जाणारं हे शहर, पण तेच नट टीव्हीवर आले की फुकट हवेत.

आता हे मला फार आधीपासून कळत होतं असं नाही. इथं आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी टॉरंटवरून एक सिनेमा उतरवला होता. तीन आठवड्यांनी वकिलाचं जाडजूड पाकीट आलं. टॉरंटवर उतरवता उतरवता आपण तो दुसऱ्यालाही देत असतो, म्हणून भरपाई : नऊशे युरोंच्या वर. तारीख, वेळ मिनिटासकट, माझा आयपी पत्ता. ते पाकीट मी स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचलं आणि पहिला विचार व्हिसाचा आला. दादाला हे माहीत आहे, म्हणूनच तो म्हणतो, "तुला पत्र आलं तेव्हा शहाणपण आलं." बरोबर आहे त्याचं. पण उशिरा का होईना, आलं.

कायदा बाजूला ठेवू. आईला तो डबा झेपतो का? 'लाइफटाइम' म्हणून दिलेलं ॲप पंधरा दिवसांत दोनदा बंद पडलं. पलीकडचा सर्व्हर कुणी बंद केला की दुकानदार व्हॉट्सॲपवर नवी फाइल पाठवणार आणि ती भाचा शनिवारी येऊन टाकणार. तोवर आई निळ्या पडद्यासमोर. बरं, पैसे भरलेलं खरं ॲप त्यावर लावावं तर चित्र पुसट. असल्या स्वस्त डब्यांना हाय डेफिनिशनसाठी लागणारं प्रमाणपत्र बहुधा नसतं, त्यामुळे टीव्ही फोर-के असला तरी चित्र बहुतेक वेळा 480 पीच्या आसपासच अडकतं.

आणि खरी भीती वेगळीच. सप्टेंबर 2024 मध्ये 'व्हॉइड' नावाचा व्हायरस जगभरात सुमारे 13 लाख अँड्रॉइड बॉक्समध्ये सापडला. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं 'बॅडबॉक्स' या दुसऱ्या व्हायरसबद्दल इशारा दिला, की काही डब्यांत तो विकण्याआधीच भरलेला असतो. मग तुमच्या घरच्या इंटरनेटवरून तिसराच कुणी आपले उद्योग करतो आणि पत्ता तुमचा दिसतो. त्याच वायफायवर आईचा फोन आहे, आणि त्या फोनवर तिच्या पेन्शनचं बँक ॲप. हे मी ग्रुपवर लिहिलं. त्याला एकही अंगठा आला नाही.

माझ्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक तुर्की आजोबा राहतात. बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दोरीशेजारी त्यांची गंजलेली डिश आहे. घरमालक अशी डिश सहजासहजी काढायला लावू शकत नाही, कारण 1994 मध्ये इथल्या घटना न्यायालयानं एका तुर्की भाडेकरूच्या खटल्यात सांगितलं, की मायदेशाच्या बातम्या आणि भाषा घरात ऐकू येणं हा त्याच्या हक्काचा भाग आहे. संध्याकाळी त्यांच्याकडचा आवाज खाली रस्त्यापर्यंत येतो. मला त्या डिशचा हेवा वाटतो.

कारण मला हव्या त्या मराठी मालिका इथं सरळ दारानं मिळत नाहीत. प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक विकले जातात आणि त्या मालिकांसाठी जर्मनीचे हक्क घ्यायला कोण बसलंय? म्हणून चार वर्षं मी आईच्या नंबरावरचं सबस्क्रिप्शन व्हीपीएन लावून, म्हणजे भारतातच बसलोय असं भासवून, वापरत आलोय. वर्षाचे पैसे पूर्ण भरून, पण कंपनीच्या अटी मोडून. दादाला हे मी कधी सांगितलं नव्हतं. आज सांगतो.

लॉग-इन करायचं म्हटलं की ओटीपी आईच्या फोनवर जातो. मग मी फोन करतो. ती चष्मा शोधते, "थांब हं" म्हणते, आणि दोन-दोन आकडे जोडून वाचते : "सत्तेचाळीस... शून्य नऊ... बावन्न." मग विचारते, "लागलं का?" त्यानंतर अर्धा तास बोलणं होतं. गुडघे, कामवाली, गच्चीतलं लिंबाचं झाड. एरवी मी फोन केला की "बरी आहे, तू जेवलास का" इथंच संपतं.

डबा आला तसं दादानं ते सबस्क्रिप्शन बंद केलं. फुकट मिळतंय तर कशाला, म्हणाला. तीन आठवडे आईला मी ओटीपी विचारलेला नाही.

काल मी इथून पैसे भरून ते पुन्हा सुरू केलं, तिच्याच नंबरावर. तिकडे रात्रीचे साडेनऊ झाले होते. फोन उचलल्या उचलल्या ती म्हणाली, "आलाय बघ नंबर. थांब हं, चष्मा आणते."