कानावरची खाच म्हणजे रेबीज नव्हे

‘शेल्टरमधला कान कापलेला कुत्रा घरी आणू नका, त्याला रेबीज असतो,’ असा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. हे साफ चुकीचं आहे. कानाच्या टोकाला दिसणारी ती व्ही आकाराची खाच नसबंदीची खूण आहे. कुत्रा भुलीखाली असतानाच ती करतात आणि रेबीजची लसही टोचतात. तोच कुत्रा पुन्हा ऑपरेशनसाठी पकडला जाऊ नये, एवढाच हेतू. रेबीज झालेला कुत्रा लक्षणं दिसल्यावर काही दिवसांतच दगावतो. तो महिनोन्‌महिने शेल्टरमध्ये शेपूट हलवत बसत नाही. ज्याची काळजी आधीच घेतली गेलीय, नेमक्या त्याच जनावराला लोक नाकारताहेत, याचं फार वाईट वाटतं. मात्र लस जन्मभर पुरत नाही. दत्तक घेताना लसीकरणाचं कार्ड मागा, तारीख तपासा आणि पुढचा डोस कधी द्यायचा ते पशुवैद्यांना विचारा.