(वेळ उरला तर नाटक)

आज सकाळी भाच्याने ग्रुपवर लंडनचा प्लॅन टाकला. एक्सेलची शीट, रंगीत रकाने, तासातासाला एक जागा. सकाळी राजवाडा, मग म्युझियम, मग पूल, मग नदीकाठचं ते प्रचंड चाक, मग खरेदी. आणि शेवटून दुसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या रकान्यात, बारीक अक्षरात: (वेळ उरला तर नाटक).

कंसात!

हा प्लॅन कुणासाठी, तर त्याच्या सासूसासऱ्यांसाठी. एकही नवीन नाटक न सोडणारी माणसं ती. वर मला विचारतो, "मावशी, ते नाटकवेडे आहेत ना, म्हणून तुला दाखवतोय. काही राहिलंय का?" राहिलंय का म्हणे. अरे, तेवढंच राहिलंय!

तिथे मी उत्तर दिलं नाही. त्याची बायकोही आहे ग्रुपवर, उगाच तमाशा नको. म्हणून इथे लिहितेय. (तो फेसबुकवर नाही. असला तरी वाचू दे.)

नाटकवेड्या माणसाच्या सहलीत आधी नाटकं ठरतात. मग तारखा, मग हॉटेल, आणि मग ते राजवाडेबिजवाडे. उरलेल्या कापडाचं पायपुसणं शिवतात, तसं उरलेल्या वेळात नाटक बसवायचं नसतं. तुम्हाला हे सांगायला नको. तिसऱ्या घंटेला पोटात गोळा येणारी माणसं तुम्ही. पण प्रत्येकाच्या घरात एक तरी एक्सेलवाला असतोच.

आत्याची गोष्ट पुन्हा सांगते. ज्यांनी ऐकलीय त्यांनी पुन्हा ऐका.

आत्याला घेऊन आम्ही लंडनला गेलो तेव्हा तिची एकच अट होती. शेक्सपिअरच्या ग्लोब नाट्यगृहात नाटक बघायचं, आणि तेही उभं राहून. मूळ ग्लोब १६१३ मध्ये जळालं, भर प्रयोगात उडवलेल्या तोफेच्या ठिणगीने. आत्ताचं थेम्सच्या दक्षिण काठावरचं ग्लोब १९९७ मध्ये सुरू झालं. सॅम वॉनामेकर नावाच्या अमेरिकन नटाने त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि ते पूर्ण झालेलं बघायच्या आधीच, १९९३ मध्ये, तो गेला. मधलं अंगण उघडं. तिथे ७०० माणसं उभी राहू शकतात. सगळ्यात स्वस्त तिकीट त्यांचं, आणि नटांच्या सगळ्यात जवळही तीच. पाऊस आला तर छत्री उघडायची नाही. प्रयोग चालू असताना खाली बसायचंही नाही. आत्या तेव्हा सत्तरीच्या पुढची. सगळ्यांनी समजावलं, बाकांवरची तिकिटं काढू, बसायला उशी भाड्याने मिळते. ती म्हणाली, "बसून मी आयुष्यभर बघितलंय."

त्या दिवशी तिने दुसरं काहीही केलं नाही. सकाळी थोडं फिरली, दुपारी हॉटेलवर येऊन सरळ झोपली. आमच्यातला एक जण (नातं सांगत नाही, घरात राहायचंय मला) धुसफुसत होता, "एवढ्या लांब येऊन झोपायचं?" हो, झोपायचं! लांबच्या प्रवासाने शरीराचं घड्याळ आधीच उलटंपालटं झालेलं असतं. दिवसभर पायांचे तुकडे पाडून साडेसातच्या प्रयोगाला मऊ खुर्चीत बसलात की पहिल्या अंकाच्या मध्यावर मान छातीवर. भाच्याच्या शीटमध्ये नाटकाच्या दिवशी म्युझियम, चाक आणि खरेदी, तिन्ही आहेत. म्हणजे वेळ उरला तरी माणूस उरणार नाही.

आणि पोचल्या संध्याकाळचं तिकीट तर चुकूनही काढू नका. विमानाला उशीर झाला तर नाट्यगृहवाले थांबत नाहीत. उशिरा गेलात तर संवाद थांबेपर्यंत, कधीकधी मध्यंतरापर्यंत, बाहेर उभं करतात. बरोबरच करतात.

वार बघा, वार! त्या शीटमध्ये नाटक रविवारी टाकलंय. लंडनच्या वेस्ट एंडला रविवारी बरीच नाट्यगृहं बंद असतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर तीच गत सोमवारची. अलीकडे रविवारीही काही प्रयोग लागतात, मान्य. पण मग जे लागलंय ते बघायचं, जे बघायला आलोय ते नाही. एरवी बहुतेक मोठ्या नाटकांचे आठवड्याला आठ प्रयोग होतात, कारण दोन दिवशी दुपारचाही असतो. दुपारचा एक आणि रात्रीचा एक असे दोन प्रयोग एका दिवसात बघता येतात. मी बघितलेत. मधल्या दोन तासांत कुणी मला काही दाखवायला नेलं असतं तर मी चावले असते.

लंडनच्या नॅशनल थिएटरची गोष्ट वेगळी. एका इमारतीत तीन रंगमंच, आणि तिथे कधीकधी नाटकं आलटूनपालटून चालतात. मंगळवारी असलेलं नाटक गुरुवारी असेलच असं नाही. तारीख बघूनच विमानाचं तिकीट काढायचं. उलटं नाही.

सवलतीच्या तिकिटांचं सगळे विचारतात. न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरमध्ये त्या लाल पायऱ्यांखाली आणि लंडनला लेस्टर स्क्वेअरमध्ये टीकेटीएसच्या खिडक्या आहेत, तिथे त्या दिवशीची तिकिटं स्वस्तात मिळतात. न्यूयॉर्कची १९७३ पासून आहे. चांगली सोय आहे, मी नाही म्हणत नाही. पण ज्या नाटकासाठी तुम्ही घर सोडलं ते सहसा तिथे नसतं. ते हाऊसफुल्ल असतं. त्यासाठी घरूनच, कित्येक महिने आधी तिकीट काढायचं, नाहीतर परत आलेल्या तिकिटांच्या रांगेत उभं राहायची तयारी ठेवायची.

आणि हो, तिकिटं महाग असतात. असतात. पण चाकही फुकट फिरवत नाहीत.

जुन्या नाट्यगृहांबद्दल एक सांगायलाच हवं, कारण भाच्याच्या सासूबाईंचे गुडघे. लंडनची कितीतरी नाट्यगृहं शंभर वर्षांच्या पुढची आहेत. वरच्या बाल्कनीचे जिने उभे, लिफ्ट अनेकदा नाही, पुढच्या खुर्चीला गुडघे टेकतात आणि मध्ये खांब. खांबामागचं तिकीट स्वस्त असतं आणि तसं लिहिलेलं असतं, वाचायचं. नायिका खांबाच्या उजवीकडे मरते आणि डावीकडून रडण्याचा आवाज येतो. (आत्याला अंगणात खांबांचा त्रास झाला नाही. रंगमंचावर दोन मोठे खांब आहेत, पण ती सरळ कडेला जाऊन फळीवर कोपरं टेकून उभी राहिली. कुणी हलवायची हिंमत केली नाही.)

"पण त्यांना ते इंग्रजी कळणार का?" हे सुद्धा विचारलं भाच्याने. इथे माझं डोकं खरंच फिरलं. आत्याला तरी कुठे कळत होतं? तिने निघण्याआधी गोष्ट मराठीत वाचली होती, पात्रांची नावं पाठ केली होती. बस. नाटक कळायला कान लागतात तेवढेच डोळे लागतात. टोकियोच्या काबुकी-झामध्ये, म्हणजे जपानच्या पारंपरिक काबुकी नाटकांच्या नाट्यगृहात, तर एकाच अंकाचं तिकीट मिळतं. भाषा येत नाही, चार तास बसवत नाही, तर एक अंक बघा आणि या. बर्लिनच्या शाउब्यूने नाट्यगृहात काही प्रयोगांना संवादांचं इंग्रजी भाषांतर वर अक्षरांत येतं. तिथल्या लोकांनी विचार केलाय, तू पण कर की.

मग त्याचं शेवटचं अस्त्र. "मावशी, आता तर स्क्रीनवर पण दाखवतात." दाखवतात. नॅशनल थिएटर २००९ पासून आपले प्रयोग सिनेमागृहांत दाखवतं आणि मी ते आवडीने बघते. कॅमेरा चांगला असतो, आवाज चांगला असतो. ठीक आहे.

पण आत्याला टोपी मिळाली ती स्क्रीनवरून नाही. विदूषकाचं काम करणारा नट गर्दीतूनच रंगमंचाकडे चालला होता, ग्लोबमध्ये नट असे अंगणातून येतात. वर चढताना त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि शेजारी उभ्या असलेल्या आत्याच्या हातात दिली. काही बोलला नाही. आत्याने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. पाऊस भुरभुरत होता, तिने टोपीवर पदर घेतला. स्वतःच्या डोक्यावर नाही, टोपीवर! पुढच्या प्रवेशात तो परत आला, हात पुढे केला, तिने टोपी दिली आणि सगळं अंगण हसलं. हॉटेलवर येईपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "त्याची एंट्री माझ्यावर होती." आत्याने उभ्या आयुष्यात रंगमंचावर पाऊल ठेवलेलं नाही.

हे लिहिताना राग जरा उतरला. पोरगा वाईट नाही, स्वतःच्या पैशाने पाठवतोय त्यांना. चाक राहू दे त्याचं. सकाळी फिरवा काय ते. त्याला आता वेगळा मेसेज केलाय: दोन दुपारी रिकाम्या ठेव, रविवारचं नाटक गुरुवारी घे, सासूबाईंना जिने नसलेली रांग बघ, आणि तो कंस काढ.

आणि ज्या मैत्रिणी ऑगस्टमध्ये व्हिएन्नाला "थोडं थिएटर पण बघू" म्हणताहेत, त्यांच्यासाठी: बुर्गथिएटरला जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी असते. जर्मनीतल्या मोठ्या सरकारी नाट्यगृहांनाही उन्हाळ्याची सुट्टी असते. सप्टेंबरचा दुसरा आठवडा धरा. तिकिटं काढायच्या आधी फोन करा मला, काढून झाल्यावर नको.