भागाकाराची भावकी

बेरजेत कोणीही कुठेही बसावं, उत्तर बदलत नाही. गुणाकारही तसाच मोकळ्या मनाचा. भागाकार म्हणजे मात्र वाटणी, आणि वाटणी आली की भावकी आली. कोण कुठे बसणार, कोणाच्या वाट्याला किती, उरलेलं कोणाचं! मंडळी चारच आहेत: भाज्य, भाजक, भागाकार आणि बाकी. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलासमोर ही नावं एका दमात घेतली, की पहिली तीन त्याला जुळ्यांसारखी दिसतात, आणि चौथं 'बाकी काय म्हणता?' या चालीवर कानावरून निघून जातं. मुलं भागाकार शिकेपर्यंत शिकवणारी मीच भागून जाते.

माझं स्पष्ट मत आहे की मूल इथे गणितात कमी आणि मराठीत जास्त अडकतं. म्हणून मी आधी व्याकरण काढते. लेखक लिहितो, वाचक वाचतो, तसा भाजक भागतो. भाज्य बिचारा भागला जातो. तरीही घोळ उरलाच तर प्रत्यय बघायचे. '९७ ला ४ ने भागा' यात 'ला' लागला तो भाज्य, 'ने' लागला तो भाजक. कोणी वाक्य फिरवून '४ ने ९७ ला भागा' असा डाव टाकला, तरी प्रत्यय फितूर होत नाहीत. मुलं मात्र आधी दिसेल त्या संख्येला भाज्य करून ४ ÷ ९७ मांडतात आणि 'भागच जात नाही' म्हणून पेन्सिल खाली ठेवतात.

त्यात बसण्याच्या जागा बदलतात. आडव्या मांडणीत भाज्य आधी, मग ÷, मग भाजक. उभ्या मांडणीत भाजक उठून डावीकडे कंसाबाहेर जातो आणि भाज्य आत. भागाकार कोणी उजवीकडे लिहितं, कोणी वर. शाळेत एक आणि घरी दुसरी पद्धत असली, की मुलाची तिसरीच पद्धत तयार होते.

'भागाकार' या गृहस्थाकडे तर दोन खाती आहेत. क्रियेचं नाव भागाकार, उत्तराचंही भागाकार. 'भागाकार करून भागाकार लिहा' हे वाक्य आपल्याला सरळ वाटतं. मुलाला वाटतं, आपल्याला शिक्षा झाली.

आता ९७ ÷ ४. पहिल्यांदा ९ दशक. चार दुणे आठ. २ भागाकारात, ९ मधून ८ गेले, उरला १. हा १ म्हणजे एक दशक, म्हणजे दहा. त्याच्याशेजारी ७ उतरवले की १७ होतात, ते यामुळेच. पण 'वरचा ७ खाली घे' एवढंच सांगितलं, तर मुलाला तो जादूचा प्रयोग वाटतो. चार चोक सोळा. भागाकार २४, बाकी १. पडताळा: ४ × २४ = ९६, त्यात १ मिळवला की ९७. भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, बरोबर भाज्य. चौघं एका ओळीत गुण्यागोविंदाने नांदतात ते फक्त इथेच, आणि नेमकी हीच ओळ मुलं गाळतात.

बाकीची अट एकच: ती भाजकापेक्षा लहान हवी. ५३ ÷ ६ मध्ये 'सहा सत्ते बेचाळीस' म्हणून मूल ७ लिहितं आणि बाकी येते ११. अकरात आणखी एक सहा दडून बसलाय, हे लक्षात आलं की ते खोडायच्या ऐवजी ७ च्या शेजारीच १ लिहितं. भागाकार ७१, बाकी ५! त्रेपन्न वस्तू सहा जणांत वाटायला आणल्या आणि प्रत्येकाच्या हिश्श्याला एकाहत्तर. अशी वाटणी झाली असती तर कोर्टकचेऱ्या बंद पडल्या असत्या.

पण खरा घात करतं ते शून्य. जुनी माणसं त्याला 'पूज्य' म्हणत, आणि मुलं त्याला दुरूनच नमस्कार करतात. ८२४ ÷ ८ बघा. आठ एके आठ, बाकी काही नाही. २ उतरवला, दोनात आठचा भाग जात नाही. मूल लगेच ४ उतरवतं, चोवीस, आठ त्रिक चोवीस, उत्तर १३. भाग गेला नाही म्हणजे लिहायचं काही नाही, असा त्याचा हिशोब. पण प्रत्येक उतरवलेल्या अंकामागे भागाकारात एक अंक पडलाच पाहिजे. भाग गेला नाही तर ० पडतं. उत्तर १०३. आधी नुसता अंदाज घेतला असता, आठशेला आठने भागलं की शंभर, तर १३ वर मूल स्वतःच हसलं असतं.

बाकीचं पुढे काय करायचं, ते प्रश्नावर ठरतं. ५३ सेंटिमीटर फितीचे ६ सेंटिमीटरचे तुकडे केले तर ८ होतात, उरलेले ५ सेंटिमीटर बाजूला. पण ५३ मुलं आणि एका गाडीत ६ असतील, तर गाड्या ९ लागतात. वहीत मात्र बिनदिक्कत लिहिलेलं असतं: '८ गाड्या, बाकी ५ मुलं.' आठ गाड्या निघून जातात, पाच जण फाटकाशी उभे. त्यांचं काय करायचं विचारलं, तर उत्तर तयार: "ती बाकी आहेत."